तिसरी पेटी

फेलिज्मिना दुआर्त, वय एकसष्ट,
पोर्तुगालच्या उत्तरेला, लामासच्या कारखान्यात
एकेचाळीस वर्षं बुचं निवडते.
निवडते म्हणजे तांदूळ निवडावेत तशी.
पट्ट्यावरून आलेली चार बुचं चार बोटांत,
अंगठ्यानं एक फेर,
आणि हिनं पाहिलं तरी कधी, असं वाटेपर्यंत
हात मोकळा झालेला असतो.
पहिली पेटी. दुसरी. पहिली. तिसरी.

मी पोर्तोहून आलो, सहा कॅमेरे घेऊन.
मला तिची नजर हवी होती.
करारात शब्द जरा वेगळे होते:
अनुभवी कामगाराच्या निवडीचे नमुने, नग चाळीस हजार.
ती म्हणाली, घे बाबा, रोज देतेच आहे की.
फक्त तो दिवा डोळ्यांवरून बाजूला कर.

अकरा दिवस ती निवडत राहिली
आणि मी एकेका बुचाचा फोटो
तिच्या हाताच्या निर्णयाला बांधत राहिलो.
दुपारी ती सार्डिनचा डबा उघडायची,
अर्धा पाव माझ्याकडे सरकवायची.
एकदा विचारलं, तुझ्या यंत्राची पाठ दुखते?
नाही, मी म्हणालो.
मग शिकेल लवकर, म्हणाली,
आणि बोटांचं तेल एप्रनला पुसलं.

शिकलं.
हवेची एक फुंकर, फट्,
बूच आपल्या पेटीत. फट्, दुसरं.
मोजायला लागलं तर श्वास चुकतो.
त्या महिन्यात बाकावरच्या चौदाजणींपैकी
नऊजणींच्या घरी पत्रं गेली.
पाकिटांवरचे पत्ते माझ्याच प्रिंटरवर छापले होते,
ऑफिसचा बिघडला होता म्हणून.

एक खोट मात्र जाईना.
हजारात तीन बुचं, देखणी, भोक नाही, भेग नाही,
कुणीही डोळे मिटून पहिल्या पेटीत टाकावीत अशी,
यंत्र तिसरीत टाकायचं.
भिंगं पुसली, दिवे बदलले,
रात्री अडीचला ती सगळी टेबलावर मांडून बसलो.
एवढंच दिसलं की साऱ्यांच्या वळ्या दाट होत्या,
केसाला केस लागावा तशा,
सावकाश वाढलेल्या झाडाच्या सालीला असतात तशा.
म्हणजे हे तर सर्वांत उत्तम.

सकाळी तिच्यापुढे ओंजळ धरली.
तिनं चष्मा लावला, काढला,
आणि अशी हसली की पलीकडची ग्रासिएताही वळली.

तिसऱ्या पेटीतली कुठं जातात, ठाऊक आहे?
आमच्या गावच्या सोसायटीत.
माझ्या नवऱ्याच्या वाइनला, माझ्या व्याह्याच्या.
पहिली जातात पॅरिसला,
तिथं कोण ती काढतं, मी काही पाहायला जाणार नाही.
एखादं बरं बूच आमच्याही बाटलीला लागू दे.
आई याच बाकावर बसायची. तिनं सांगितलं होतं,
हजारात तीन.
चौथं घेतलंस तर ती चोरी.

अहवालात रकाना होता, दोषाचे कारण.
पेन बराच वेळ तिथंच थांबलं.
मग लिहिलं: फरक मर्यादेत आहे.
साहेबांनी, अल्सिनोंनी, न वाचता सही केली.
त्यांना वेग तेवढा पाहायचा होता,
आणि वेग होताच.

फेलिज्मिनाच्या शेवटच्या दिवशी
कुणीतरी केक आणला, कुणीतरी भाषण विसरलं.
तिनं मला पट्ट्याशी गाठलं,
यंत्राच्या आवाजाखाली तोंड कानाशी आणून विचारलं,
चौथं तर घेत नाही ना हे?

मी आकडे पाहिले होते.
सरासरी तीन पूर्णांक एक दशांश, म्हणालो.

ती विचारात पडली.
फट्, फट्, चाललंच होतं.
मग म्हणाली,
तेवढं ते एक दशांश थांबव.

प्रयत्न करतो आहे.
अजून जमलेलं नाही.